‘परवडत नाही’ म्हणणाऱ्यांना मिळालेले उत्तर

अकोले तालुक्यात आणि शेजारच्या संगमनेरात विडी वळणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी आहे. सकाळी भाकरी थापून झाली की मांडीवर सूप घेऊन त्या बसतात, पान कातरतात, तंबाखू भरतात, दोरा गुंडाळतात. मजुरी हजारावर. कारखान्यात माल पोचला की खराब म्हणून काही विड्या बाजूला काढल्या जातात, त्यांचे पैसे मिळत नाहीत. किमान वेतनाची मागणी घेऊन या स्त्रियांचा मोर्चा निघाला की मालकांकडून ठरलेले उत्तर येते: धंद्याला परवडत नाही, फार ताणाल तर काम दुसऱ्या राज्यात नेऊ. हे उत्तर इतक्या वेळा दिले गेले आहे की मोर्चातल्या काही कार्यकर्त्यांनाही ते अर्थशास्त्राचा नियमच वाटू लागले आहे. त्याचे खंडन सुमारे सात दशकांपूर्वी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने केले होते, आणि ते खंडन लिहिणारा न्यायाधीश साताऱ्याच्या एका शास्त्र्याचा मुलगा होता, हे मात्र विस्मरणात गेले आहे.

प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांचा जन्म १६ मार्च १९०१ चा. घराणे मूळचे गजेंद्रगडचे, वैष्णव माध्व पंडितांचे. वडील संस्कृतचे विद्वान, वडीलबंधू अश्वत्थामाचार्य मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक. धाकट्याचे शिक्षण साताऱ्यास, नंतर धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाले. एम. ए. आणि कायद्याची पदवी घेऊन १९२६ मध्ये ते मुंबईच्या हायकोर्टात वकिली करू लागले. विलायतेची बॅरिस्टरी नाही, जमीनजुमला नाही. अपिलाच्या बाजूला, म्हणजे मोफसलातून आलेल्या दाव्यांत, त्यांनी नाव कमावले. १९४५ साली ते त्याच न्यायालयात न्यायाधीश झाले, तिथे अकरा-बारा वर्षे काढून दिल्लीला गेले, आणि १ फेब्रुवारी १९६४ ते १५ मार्च १९६६ या काळात भारताचे सरन्यायाधीश होते. १२ जून १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. चरित्राची ही चौकट अनेकांची असते. पाहण्याजोगे आहे ते या चौकटीत बसून त्यांनी काय लिहिले ते.

कामगारांच्या प्रश्नाशी त्यांचा संबंध आला तो एका राजकीय पेचातून. बँक कर्मचाऱ्यांच्या वेतनाबद्दल लवादाने दिलेला निवाडा १९५४ मध्ये केंद्र सरकारने परस्पर बदलला, तेव्हा कामगारमंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी राजीनामा दिला. मंत्रिपद सोडण्याइतका हा प्रश्न कोणाला मोठा वाटावा, ही गोष्ट आजच्या वाचकाला थोडी अद्भुत वाटेल. सरकारने आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष न्या. राजाध्यक्ष यांचे मध्येच निधन झाले आणि काम गजेंद्रगडकरांकडे आले. १९५५ च्या त्यांच्या अहवालाच्या आधारे संसदेने कायदा केला. न्यायमूर्तींनी ताळेबंद वाचायला घेतले ते येथे, असे म्हणावयास हरकत नाही.

नंतर सर्वोच्च न्यायालयात १९५७ साली क्राउन ॲल्युमिनियम कारखान्याचा दावा आला. एकदा ठरलेली वेतनश्रेणी मालकाला खाली आणता येईल काय, हा मुद्दा होता. गजेंद्रगडकरांचे उत्तर कामगारांच्या पूर्ण पसंतीचे नव्हते. परिस्थिती खरोखरच बदलली असेल तर वेतनरचना कामगाराच्या विरुद्धही बदलता येते, असे त्यांनी मान्य केले. पण लगेच एक रेघ ओढली. जो उद्योग आपल्या कामगारास किमान वेतनही देऊ शकत नाही, त्याला अस्तित्वात राहण्याचा हक्कच नाही, आणि या तत्त्वाला अपवाद नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. पुढे केरळच्या कौलांच्या कारखानदारांनी सरकारने ठरवलेल्या किमान वेतनाला आव्हान दिले, तेव्हा १९६१ च्या निकालात त्यांनी हेच सूत्र कायद्याच्या भाषेत पक्के केले: रास्त वेतन ठरवताना उद्योगाची ऐपत पाहावी लागते, किमान वेतन ठरवताना ऐपतीचा विचार अप्रस्तुत आहे.

या सूत्रामागचे अर्थशास्त्र समजून घेणे अगत्याचे आहे, कारण ते करुणेचे नसून हिशेबाचे आहे. कोळसा महाग झाला म्हणून कारखानदार कोळसेवाल्याला अर्ध्या किमतीत माल मागू शकत नाही. परवडत नसेल तर भट्टी विझते. यंत्र झिजते त्याचा घसारा तो न चुकता बाजूला काढतो. श्रमशक्ती ही एकच वस्तू अशी आहे की जी तिच्या उत्पादनखर्चाच्या खाली विकली जाऊ शकते, कारण विकणाऱ्याला उद्याच्या जेवणाची घाई असते. दोन वेळच्या पोषणास, अंगावरच्या वस्त्रास आणि निवाऱ्यास जे लागते त्याहून कमी मजुरीवर धंदा चालतो, तेव्हा ती तूट कोणीतरी भरतच असते. विडी वळणारीचा खोकला, तिच्या मुलीची चौथीत सुटलेली शाळा, गावातल्या सावकाराचे व्याज या रूपाने ती भरली जाते. म्हणजे असा धंदा ‘परवडतो’ तो मालकाच्या कर्तबगारीमुळे नव्हे, मजुराच्या घराने त्याला दिलेल्या अनुदानामुळे. गजेंद्रगडकर अर्थशास्त्राचे पदवीधर नव्हते. पण किमान वेतन हा उत्पादनाचा पहिला खर्च आहे, नफ्यातला वाटा नव्हे, हे त्यांनी जितके स्वच्छ मांडले तितके त्या काळच्या पुष्कळ अर्थशास्त्रज्ञांनाही मांडता आले नव्हते.

बोनसच्या बाबतीत त्यांची वाट याहून अवघड होती. मुंबईच्या गिरण्यांच्या वादात १९५० मध्ये कामगार अपिलीय लवादाने एक सूत्र घातले होते. एकूण नफ्यातून आधी घसारा, प्राप्तिकर, भरणा झालेल्या भांडवलावर ६ टक्के, खेळत्या भांडवलासाठी वापरलेल्या गंगाजळीवर काही टक्के आणि यंत्रांच्या पुनर्स्थापनेची तरतूद वजा करायची. मग उरेल त्यात कामगार, भागधारक आणि कंपनी यांचे वाटे. १९५९ साली असोशिएटेड सिमेंटच्या दाव्यात हे सूत्र तपासणीस आले. त्याचा परिणाम कसा होतो हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. नफा १०० रुपये धरा. घसारा २० गेला, कर ३० गेला, राहिले ५०. भांडवल ३०० रुपये असेल तर ६ टक्क्यांनी १८ गेले, गंगाजळी १०० असेल तर ४ टक्क्यांनी ४ गेले, राहिले २८. आता पुनर्स्थापनेसाठी २५ हवेत असे कंपनीने सांगितले की वाटून घ्यायला ३ रुपये उरतात. पहिल्या चार वजावटी हिशेबवहीत दिसतात. पाचवी वजावट म्हणजे भविष्यकाळ आहे, आणि भविष्यकाळ नेहमीच महाग असतो.

कामगार संघटनांचे म्हणणे होते की ही पाचवी वजावट काढूनच टाकावी. गजेंद्रगडकरांनी ते ऐकले नाही. सूत्र त्यांनी कायम ठेवले. मात्र पुनर्स्थापनेचा दावा करणाऱ्या मालकाने कोणते यंत्र, केव्हा घेतले, किती वर्षे चालेल, आज त्याची किंमत काय, हे सारे पुराव्याने सिद्ध केले पाहिजे, उलटतपासणीला तोंड दिले पाहिजे, असा दंडक घातला. संघटनांच्या वकिलांना त्यामुळे कारखान्याच्या हिशेबवहीत शिरण्याचा रस्ता मिळाला. आणि सूत्रच बदलायचे असेल तर ते काम न्यायालयाचे नाही, कायदेमंडळाचे किंवा एखाद्या आयोगाचे आहे, असेही त्यांनी सांगितले. डिसेंबर १९६१ मध्ये मेहेर आयोग नेमला गेला. त्याने पुनर्स्थापनेची वजावट सूत्रातून काढण्याची शिफारस केली. सरकारने ती मानली, पण भांडवलावरचा परतावा ७ टक्क्यांऐवजी साडेआठ आणि गंगाजळीवरचा ४ ऐवजी ६ टक्के करून एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले. १९६५ च्या बोनस कायद्यात किमान ४ आणि कमाल २० टक्के बोनस आला. किमान मर्यादा पुढे ८.३३ झाली, सप्टेंबर १९७५ मध्ये आणीबाणीच्या सरकारने अध्यादेशाने ती मोडीत काढली, १९७७ मध्ये जनता सरकारने परत आणली. दिवाळीच्या तोंडावर साखर कारखान्याच्या फाटकावर बोनसचा फलक लागतो, त्यामागे एवढी पायपीट आहे. ऊसतोडीच्या टोळ्यांना त्या फलकाशी काही देणेघेणे नसते. त्यांचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर कधी चढलेच नाही.

हजेरीपटावर कोण, हा प्रश्न गजेंद्रगडकरांपुढे दुसऱ्या रूपाने आला. ‘उद्योग’ कशाला म्हणावे? मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील वॉर्डात काम करणाऱ्या नोकरांना कमी करण्यात आले, तेव्हा सरकारी इस्पितळ हा उद्योग नव्हे, असा बचाव राज्य सरकारने केला. १९६० साली त्यांनी तो फेटाळला. नफा हेतू नसला तरी मालक आणि कामगार यांच्या सहकार्याने पद्धतशीर सेवा चालते, तिथे कामगार कायदा लागू होतो. हा निकाल वाचून कोणाही चळवळीतल्या माणसाला आनंद व्हावा. परंतु तीनच वर्षांनी दिल्ली विद्यापीठाच्या बसचालकांचे प्रकरण आले. विद्यार्थिनींची ने-आण करणारी बस तोट्यात चालते म्हणून विद्यापीठाने त्यांना काढले होते, आणि कपातीची नुकसानभरपाई त्यांना हवी होती. गजेंद्रगडकरांनी ठरविले की विद्यापीठाचे मुख्य कार्य विद्यादान, ते शिक्षक करतात. चालक-शिपायांचे काम त्या थोर कार्यात गौण, सबब विद्यापीठ उद्योग नव्हे. इस्पितळातल्या नोकराला जे मिळाले ते विद्यापीठातल्या चालकाला नाकारले गेले. शास्त्र्यांच्या घरात विद्येला असलेले पावित्र्य या निकालात डोकावते काय, अशी शंका घेण्यास जागा आहे. झाडणाराने झाडले नाही आणि चालकाने गाडी हाकली नाही तर विद्यादान किती दिवस चालते, हा साधा प्रश्न त्यात विचारलेला नाही. १९७८ मध्ये बंगलोर पाणीपुरवठ्याच्या दाव्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी हा निकाल रद्द ठरविला, त्या वेळी गजेंद्रगडकर हयात होते.

समाजवादी कार्यकर्त्यांना त्यांच्या एका निकालाची विशेष आठवण असायला हवी. गोरखपूरचा केशव सिंह हा समाजवादी पक्षाचा कार्यकर्ता. एका काँग्रेस आमदाराच्या गैरकृत्यांबद्दल त्याने पत्रक छापले, तेव्हा उत्तर प्रदेश विधानसभेने १९६४ मध्ये हक्कभंगाबद्दल त्याला सात दिवसांची कैद दिली. अलाहाबाद हायकोर्टाच्या दोन न्यायाधीशांनी त्याला जामीन दिला, तर विधानसभेने त्या न्यायाधीशांनाच पकडून सभागृहापुढे आणण्याचा ठराव केला! पूर्वी राजेही असे हुकूम विचार करून काढीत. हायकोर्टाचे अठ्ठावीस न्यायाधीश एकत्र बसले आणि हुकूम थोपवला. राष्ट्रपतींनी सल्ला मागितला आणि सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी बहुमताचे मत लिहिले: भारतात संसद नव्हे, संविधान सर्वश्रेष्ठ आहे, विधानसभेच्या कैदेतल्या नागरिकाची फिर्याद ऐकण्याचा न्यायालयाचा अधिकार कोणी काढून घेऊ शकत नाही. एका तालुका पातळीवरच्या कार्यकर्त्याच्या पत्रकातून हे उभे राहिले.

चीनच्या आक्रमणानंतरच्या आणीबाणीत भारत संरक्षण नियमांखाली हजारो लोक आत गेले. १९६३ च्या माखन सिंग प्रकरणात गजेंद्रगडकरांनी सरकारचा मुख्य मुद्दा मान्य केला: मूलभूत हक्कांच्या अंमलबजावणीसाठी दाद मागणे स्थगित झाले आहे. पण दार पुरते बंद केले नाही. अटक दुष्ट हेतूने झाली असेल, किंवा ज्या नियमाखाली केली त्या नियमाच्याच अटी पाळल्या नसतील, तर न्यायालय पाहील, असे त्यांनी नोंदविले. त्या फटीतून १९६५ साली डॉ. राममनोहर लोहिया बाहेर आले. नियमात ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ होती, जिल्हाधिकाऱ्याने हुकमात ‘कायदा आणि सुव्यवस्था’ लिहिले होते. एवढ्या फरकावर सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मुक्त केले. त्या खंडपीठावर गजेंद्रगडकर नव्हते, तरी फट त्यांची होती. एप्रिल १९७६ मध्ये दुसऱ्या आणीबाणीत त्याच न्यायालयाच्या बहुमताने ती बुजविली. न्या. खन्ना तेवढे वेगळे राहिले.

निवृत्तीला दोन आठवडेही उरले नसताना, मार्च १९६६ मध्ये, त्यांनी मिरजकर प्रकरणाचा निकाल दिला. ‘ब्लिट्झ’वरील बदनामीच्या दाव्यात एका साक्षीदाराची साक्ष छापू नये, असा तोंडी हुकूम मुंबई हायकोर्टात झाला होता. तो करणारे न्यायाधीश होते वि. म. तारकुंडे, जे पुढे नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीचे अध्वर्यू ठरले. पत्रकारांनी दाद मागितली. गजेंद्रगडकरांच्या बहुमताने सांगितले की न्यायाधीशाच्या न्यायिक हुकमाने मूलभूत हक्काचा भंग होतो असे म्हणताच येत नाही. न्या. हिदायतुल्ला यांनी एकट्याने विरोध केला. विधानसभेला अंकुश लावणारा हात स्वतःच्या बंधूंपुढे आखडला, असेच म्हणावे लागते.

महाराष्ट्रात आज ज्या आकड्यावरून रान पेटते, त्या ५० टक्क्यांचा उगमही त्यांच्याच लेखणीत आहे. म्हैसूर सरकारने १९६२ मध्ये वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत ६८ टक्के जागा राखून ठेवल्या. बालाजी प्रकरणात गजेंद्रगडकरांनी ती रद्द केली. मागासलेपण केवळ जातीवरून ठरविता येणार नाही आणि आरक्षण सर्वसाधारणपणे निम्म्याच्या आत असावे, असे सांगितले. लोहिया तेव्हा मागासांसाठी साठ टक्क्यांची घोषणा देत होते. दोघांच्या आकड्यांत दहाचा फरक दिसतो, परंतु विचारात तो पुष्कळ मोठा आहे: एकाला आरक्षण ही समतेतून काढलेली सवलत वाटत होती, दुसऱ्याला तीच समता. गजेंद्रगडकरांनी ‘सर्वसाधारणपणे’ म्हटले होते. कोणत्या गणनेवरून निम्मे, ते सांगितले नव्हते. पुढच्या न्यायालयांनी त्या सैल शब्दाची भिंत केली. मे २०२१ मध्ये मराठा आरक्षण त्या भिंतीवर आपटले. नोव्हेंबर २०२२ मध्ये आर्थिक दुर्बलांच्या दहा टक्क्यांसाठी तीच भिंत लवचीक निघाली.

मंदिरप्रवेशाच्या निकालाला वेगळे मोल आहे. अहमदाबादच्या सत्संगी मंडळींनी आपण हिंदूच नाही, असा दावा हरिजनांना देवळाबाहेर ठेवण्यासाठी केला होता. जानेवारी १९६६ मध्ये या माध्व पंडिताच्या मुलाने शास्त्रे समोर ठेवूनच तो दावा उधळून लावला. साने गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणाला लावले होते, त्यानंतर एकोणीस वर्षांनी.

निवृत्तीनंतर ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्षही. आयोगाच्या १९६९ च्या अहवालात असंघटित मजुरांवर स्वतंत्र प्रकरण आहे. औद्योगिक संबंध सरकारच्या मर्जीतून काढून स्वतंत्र आयोगांकडे द्यावेत, ही त्यातली मुख्य शिफारस कोणत्याच सरकारने मनावर घेतली नाही. १९७१ पासून ते विधी आयोगाचे अध्यक्ष होते, आणि आणीबाणीतही त्या पदावर राहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाने निवृत्तीनंतर सरकारची नेमणूक घेऊ नये, अशी शिफारस याच विधी आयोगाने १९५८ मध्ये केली होती. एकोणीसशे पंचाहत्तरला समाजवादी कार्यकर्ते येरवड्यात आणि नाशिक रोडला होते. केशव सिंहासाठी संविधान सर्वश्रेष्ठ म्हणणारा न्यायाधीश सरकारच्या आयोगावर होता. त्यांच्या कामगारविषयक निकालांची थोरवी याने कमी होत नाही. पण चरित्र लिहायचे तर हे पान फाडता येणार नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चार श्रमसंहिता लागू केल्या आहेत. विडी कामगारांचा १९६६ चा स्वतंत्र कायदा त्यांत विलीन झाला. १९६५ चा बोनस कायदा वेतनसंहितेत गेला, किमान ८.३३ आणि कमाल २० ही मर्यादा तेवढी शिल्लक आहे. ऐपतीचा प्रश्न किमान वेतनाच्या वेळी विचारायचा नाही, हे मात्र संहितेतल्या कोणत्या कलमाने नव्हे, निकालांनी ठरलेले आहे. निकाल माहीत असणारा कोणी बैठकीत बसला असेल तरच ते कामास येते. मजुरीच्या वाटाघाटीस जाणाऱ्या अकोल्याच्या कार्यकर्त्याने मालकाच्या ‘परवडत नाही’वर नफा-तोट्याची चर्चा सुरू केली, की त्याने लढाईची पहिली चौकी सोडून दिली. किमान वेतनाच्या खाली ती चर्चाच नाही.

आणि औद्योगिक संबंध संहितेने ‘उद्योगा’ची नवी व्याख्या करताना धर्मादाय, सामाजिक आणि परोपकारी संस्थांची सेवा वगळली आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात शिक्षणसंस्थांचे जाळे दाट आहे; सकाळी अकोल्याच्या रस्त्यांवर त्यांच्या पिवळ्या बस डोंगरातल्या वाड्यांकडे जाताना दिसतात. त्यातल्या एखाद्या चालकाला संस्थेने उद्या बस तोट्यात आहे म्हणून घरी बसविले, तर दिल्ली विद्यापीठाच्या चालकाने १९६३ मध्ये विचारलेला प्रश्न त्याला पुन्हा पहिल्यापासून विचारावा लागेल.